गार्ड मिळाला नाही

धर्मराज नेकनूरकडचा. वस्तीवरच्या बरड रानाची भावाभावांत वाटणी झाली तेव्हा त्याच्या वाट्याला उताराचा तुकडा आला. त्यात कुसळंसुद्धा नीट उगवत नव्हती. त्यानं तो थोरल्याला देऊन टाकला आणि तुरुंगात शिपायाची नोकरी धरली. तुरुंगाचं नाव ऐकल्यावर त्याची आई जानकीबाई डोळ्याला पदर लावून बसली.

"चोराचिलटांत जाऊन बसनार का रं तू?"

"आये, ते आत, मी दाराच्या भायेर. मधी येवढं थोरलं कुलूप ऱ्हातंय," धर्मराजनं तिची समजूत काढली. स्वतःचीही काढली असावी, कारण पुढं पुष्कळ वर्षं तो अगदी असंच समजून चालला.

तालुक्याच्या गावात कचेरीच्या मागं निजामाच्या काळातलं दगडी कोठार होतं. पूर्वी त्यात सरकारनं सक्तीनं घेतलेली लेव्हीची ज्वारी भरत, मग माणसं भरू लागली. भिंती हातभर जाड आणि खिडक्या पार वर, आढ्याच्या खाली. कुणीतरी एक कैदी कधीकाळी तिथून निसटला होता, म्हणून त्या खिडक्यांवर बाहेरून पत्रे ठोकून टाकले होते. आत गेलं की आधी अंधार लागे, मग वास. धर्मराज आठवड्यातच त्या वासाला सरावला. घरी गेल्यावर त्याची बायको वत्सलाबाई त्याचा गणवेश दाराबाहेरच काढून ठेवायला लावी. तेवढं सोडलं तर त्याचा संसार बरा चालला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पुन्हा एक तसाच दुष्काळ पडला, त्या सालातली ही गोष्ट. लागोपाठ दुसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला. विहिरींचे तळ दिसू लागले आणि माणसांची डोकी तापू लागली. कुणी टँकरवर हाणामारी केली, कुणी दुसऱ्याच्या विहिरीतली मोटर काढून विकली, कुणी कडब्याची गंज फोडली. धरून आणलेला प्रत्येक जण त्याच कोठारात यायचा. जामीन द्यायला मागं धड कुणी नसायचं, कारण गावंच्या गावं ऊस तोडायला नाहीतर खडी फोडायला निघून गेलेली. रात्री सगळ्यांना एकदम पाठ टेकायला जागा पुरेना. कैदी कुशीवर झोपत, आणि एकानं कूस बदलली की सगळ्या ओळीला बदलावी लागे. तुरुंगातला आड आटला. टँकर येई तो प्यायला आणि भाजीला पुरे, अंघोळी बंद झाल्या. मग खरूज आली, जुलाब आले. खोकला तर आधीपासूनच होता. धूळ लई उडतीय, असं म्हणून तो सगळ्यांनी सोडून दिला होता.

त्या गर्दीत सिदू आला. जातीचा मेंढक्या, वयानं धर्मराजपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, काठीसारखा उंच आणि काठीसारखाच वाळलेला. त्याचा गुन्हा असा, की सहकारी साखर कारखान्यानं जनावरांसाठी छावणी उघडली होती. बैल, गाई, म्हशी दावणीला बांधा आणि चारा न्या. सिदू आपली मेंढरं घेऊन गेला. तिथला कारकून म्हणाला, छावणी जनावरांची आहे, मेंढरं जनावरात धरत नाहीत.

"मंग मेंढरू कशात धरत्यात, मानसात?" सिदूनं विचारलं.

कारकून हसला. सिदूनं तीन-चार खेटे घातले. मग एका दुपारी त्यानं काट्याचं कुंपण बाजूला ओढलं आणि सगळा कळप चाऱ्यात घातला. राखणदार धावला, झटापट झाली, राखणदाराचा हात मोडला. मेंढरांनी तेवढ्यात पोटभर खाल्लं होतं. सिदू ते नंतरही समाधानानं सांगायचा.

"तेवढं तरी झालं, जमादार. कोकरं उड्या मारीत भायेर आली."

धर्मराजला हा माणूस आवडला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पहाऱ्यावर गजांशी उभं राहून तो त्याच्याकडून मेंढरांच्या गोष्टी ऐके. आणि म्हणूनच सिदूचा खोकला इतरांपेक्षा वेगळा आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. सिदू खोकला की दोन्ही हातांनी छाती धरी आणि मग तोंड भिंतीकडे करी. एका सकाळी धर्मराजनं आत पाहिलं तर भिंतीच्या दगडावर लाल शिंतोडे.

"हे काय रं?"

"पान खाल्लं," सिदू म्हणाला. तुरुंगात पान कुठलं?

गावच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. तरुण, पण दुष्काळानं पार पिळून निघालेले. खडीच्या कामांवर हगवणीची साथ होती आणि सगळ्या तालुक्याला ते एकटे. त्यांनी सिदूच्या पाठीला नळी लावली, त्याला खोल श्वास घ्यायला लावला आणि जेलरसाहेबांना म्हणाले, "याला अंबाजोगाईला न्या. छातीचा फोटो काढायला पाहिजे, बेडका तपासायला पाहिजे. आणि तोवर याला वेगळा झोपवा."

"वेगळा कुठं झोपवू? माझ्या डोक्यावर?" जेलरसाहेब म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते, खरोखरच विचारत होते.

कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो. जेलरसाहेबांनी मागितला. निरोप आला, सगळे पोलीस मंत्र्यांच्या दुष्काळी दौऱ्यात आहेत. पुढच्या आठवड्यात मागितला, तर टँकरसाठी मोर्चा निघालेला. मग कारखान्याची निवडणूक लागली. गावोगावी जीपगाड्या फिरू लागल्या, दोन पॅनेलांची डोकी फुटू लागली आणि तालुक्यातला असेल नसेल तेवढा पोलीस बंदोबस्ताला गेला. डॉक्टर दर आठवड्याला येऊन विचारत, "नेलं का?" आणि जेलरसाहेब दर आठवड्याला सांगत, "गार्ड मिळाला नाही." नंतर नंतर डॉक्टरांनी विचारणंच सोडलं. सिदूकडे बघून ते नुसती मान हलवत.

शेवटी धर्मराजच जेलरसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी नेतो. यष्टीनं."

"एकट्यानं? पळाला म्हणजे?"

"त्याच्यानं बराकीच्या दारापर्यंत चालवंना, पळतोय कुठं?"

जेलरसाहेबांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मी आज तब्येत बरी नाही म्हणून घरी जातोय. मला काही माहीत नाही. संध्याकाळच्या हजेरीला दोघं दिसले पाहिजेत."

एसटीत धर्मराजनं बेडीचं एक कडं सिदूच्या मनगटात घातलं आणि एक स्वतःच्या. बेडी बघून बाकावरची माणसं उठून उभी राहिली. सिदूला खिडकी मिळाली. वारा लागला तसा तो खोकायचा, पण काच लावू देईना. दोन्ही बाजूंनी उघडी रानं. कुठं जनावराचा सापळा, कुठं खडीच्या कामावर बायांची रांग. एका माळावर चार मेंढरं दिसली तशी सिदूनं मान बाहेर काढून बघितलं.

"बिगरधन्याची हायती," तो म्हणाला. "त्यांला कुनीबी पानी दावंना."

अंबाजोगाईला उतरल्यावर धर्मराजनं चहा घेताना हात मोकळा करायला बेडी सोडली. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण ती सोडलीय. सिदू बशी फुंकत बसला होता.

"बसा निवांत, जमादार," तो हसून म्हणाला. "म्या पळालो तर तुमी पोराबाळाचं मानूस, कुठं तोंड दावताल?"

मोठ्या दवाखान्यात सगळं नीट झालं. फोटो काढला, बेडका घेतला. तिथल्या डॉक्टरांनी धर्मराजला फोटो उजेडाकडे धरून दाखवला. उजव्या बाजूला वरच्या अंगाला कापूस पिंजून भरावा तसं पांढरं. क्षय. औषध आहे, माणूस वाचेल, पण वर्ष-दीड वर्ष एकही दिवस न चुकता सुया-गोळ्या घ्यायच्या. आणि याच्यासोबत जे झोपतात त्या सगळ्यांना तपासा, खिडक्या उघडा, हवा येऊ द्या. ते म्हणाले, ठेवून घेतो याला इथं, खाट रिकामी आहे. पण कैदी ठेवायचा तर दाराशी चोवीस तास गार्ड पाहिजे.

"गार्ड न्हाई, साहेब," धर्मराज म्हणाला. खाट समोर दिसत होती. तो सिदूला घेऊन परत निघाला.

तुरुंगात एका टोकाला बायकांची कोठडी होती. तेव्हा ती रिकामी होती. जेलरसाहेबांनी, कोण जाणे कसं, पण मनावर घेतलं आणि सिदूला तिथं ठेवायला परवानगी दिली. डॉक्टरांनी सुयांची सोय केली. त्यांचा कंपाउंडर सकाळी सायकलवर येऊन सुई टोचून जाई, गोळ्या धर्मराज स्वतः देई. सिदूनं गिळली का हे बघायला तो त्याला जीभ वर करायला लावी. "मेंढराला बी असंच पाजतो आमी, जबडा धरून," सिदू म्हणे. थुंकायला चुन्याचं मडकं ठेवलं. आणि एका रविवारी धर्मराजनं शिडी लावून बराकीच्या दोन खिडक्यांचे पत्रे काढले. आत एकदम उजेड पडला तसे कैदी डोळ्यावर हात घेऊन उठून बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या माणसांनी उन्हाच्या पट्ट्यात पाय लांब केले.

ते दोन-अडीच महिने धर्मराजच्या सगळ्या नोकरीतले सुखाचे. सिदूचा ताप उतरला, मग भूक परतली, मग गालाला थोडं मांस आलं. त्याची बायको सारजाबाई भेटीला आली तेव्हा गजाशी उभी राहून नवऱ्याकडे बघतच राहिली.

"जेलात मानूस सुधारतंय म्हंत्यात ते खोटं न्हाई," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

मग एका दुपारी दोन बाया आणल्या. पाण्याच्या भांडणात दोघींनी मिळून तिसरीचं डोकं फोडलं होतं. बायकांची कोठडी बायकांना द्यायलाच हवी होती, त्यात कुणाची चूक नव्हती. सिदू त्याच संध्याकाळी परत बराकीत गेला. धर्मराजनं त्याला उघड्या खिडकीखालची जागा दिली. पण ती जागा सगळ्यांनाच हवी होती, आणि बराकीत कुणाचं चालतं ते शिपायालाही ठाऊक असतं.

त्याच महिन्यात तपासणीला वरचे साहेब आले. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, आड बघितला, आणि वर मान करून खिडक्या बघितल्या. पत्रे कुणी काढले? धर्मराज पुढं झाला. का काढले ते त्यानं सांगितलं. क्षय हा शब्द ऐकून साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागं सरकले.

"रोग हा दवाखान्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "कैदी पळाला तर माझा प्रश्न आहे."

पत्रे दुसऱ्या दिवशी परत ठोकले गेले. ठोकायला धर्मराजलाच शिडीवर चढवलं. त्याच चौकशीत कुणीतरी एसटीचा प्रवासही सांगून टाकला आणि धर्मराजची बढती मारली गेली. साहेब अगदीच निर्दय होते असं मात्र नाही. जाताना त्यांनी तुरुंगाच्या आवारात आजाऱ्यांसाठी वेगळी खोली मंजूर करतो म्हणून सांगितलं, आणि पुढं खरंच केली.

सारजाबाई इकडं नवऱ्याला सोडवायच्या मागं होती. कोर्टात खेटे घालून, सोसायटीच्या चेअरमनच्या पायावर डोकं ठेवून तिनं जामीनदार उभा केला. सुटकेचा हुकूम आला त्या दिवशी धर्मराज फाटकावर होता. सारजाबाईचा चेहरा फुलला होता. सगळ्यांना आनंद झाला होता आणि धर्मराज मनात औषधाचे महिने मोजत होता. अजून वर्षाचं औषध राहिलं होतं. पण सुटलेल्या माणसाला, वर्षभर आत थांब, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्यानं होत्या तेवढ्या गोळ्या सारजाबाईच्या ओच्यात घातल्या. "ह्या संपायच्या आत सरकारी दवाखान्यात जायचं. सुई चुकवायची न्हाई. बरं वाटलं तरी बंद करायचं न्हाई. कळलं का, भैनी?"

"कळलं, दादा."

"कुठं ऱ्हानार?"

"गोदाकाठाला जातो. तिकडं उमापुराच्या अंगाला नदीत डोह हाय म्हंत्यात. हायती ती मेंढरं तरी जगतील."

सिदूनं धर्मराजचे दोन्ही हात हातात घेतले. दोघं रस्त्यानं चालू लागली. सिदू पुढं, सारजाबाई मागं.

महिना गेला, दुसरा गेला. धर्मराजला चैन पडेना. रजा टाकून, डॉक्टरांकडून गोळ्या मागून घेऊन तो गेवराईकडची एसटी धरून उमापूरला गेला. विचारत विचारत नदीकाठाला पोचला तर पात्रात वाळूच वाळू. एका वाकलेल्या बाभळीखाली पाल होतं. सिदू मेंढरांत बसला होता. धर्मराजला बघून तो उठला, आणि उठल्याबरोबर खोकला.

"सुया?" धर्मराजनं विचारलं.

"लई बरं वाटलंतं की. आन् दवाखाना हाय कुठं? सुई घ्याया गेलो तर सांज होती. मेंढरांकडं कोन बघनार?"

"आरं, मेंढरांपायी मरतो का काय?"

सिदूनं कळपाकडं बघितलं. चाळिसातली आठ-नऊ उरली होती. "मेंढरं गेली तर कशापायी जगू, ते सांगा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात भांडण नव्हतं.

सारजाबाईनं काळा चहा दिला. तीही मधूनच तोंडाला पदर लावत होती. धर्मराजनं तिला विचारलं तर म्हणाली, चुलीचा धूर. गोळ्या घेऊन दोघांनी डोळ्याला लावल्या. परतीच्या एसटीत धर्मराजला कळून चुकलं, की त्या गोळ्या संपतील आणि मग पुन्हा तेच. रोज कुणी जीभ वर करून बघणार नव्हतं.

पाऊस आला, दुष्काळ सरला, कारखान्याची धुराडी पुन्हा पेटली. बराकीतल्या तपासणीत आणखी चौघांना क्षय निघाला. त्यातले दोघं औषध पुरं व्हायच्या आत सुटून ऊसतोडीला गेले, एकाची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली आणि त्याच्यासोबत त्याच्या गोळ्या गेल्या नाहीत. एक मेला. पुढच्या उन्हाळ्यात धर्मराजला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. वत्सलाबाईनंच त्याला ओढत अंबाजोगाईला नेलं. फोटोत त्याच्याही छातीत डाग होता.

त्याला मात्र खाट मिळाली. त्याच्या दाराशी गार्ड लागत नव्हता. पगारी रजा मिळाली, वत्सलाबाई अंडी उकडून आणायची, भाऊ दूध पाठवायचा, सुई चुकली तर नर्स रागवायची. दीड वर्षानं डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, तुम्ही बरे झालात. वॉर्डातले सगळे त्याला नशीबवान म्हणाले. धर्मराजला ते ऐकताना खाली बघावंसं वाटलं.

कामावर परत आला तेव्हा आवारात आजाऱ्यांची खोली बांधून तयार होती. दोन मोठ्या खिडक्या, पांढरा चुना, दारावर लाल रंगात अधिकचं चिन्ह. दाराला कुलूप होतं. खोली मंजूर झाली होती, डॉक्टर आणि परिचारक मंजूर झाले नव्हते. जुने डॉक्टरही बदलून गेले होते. उघडून बघितलं तर आत निवडणुकीच्या पत्र्याच्या पेट्या रचून ठेवलेल्या.

"तात्पुरत्या आहेत," जेलरसाहेब म्हणाले. तेही आता निवृत्तीला आले होते. "तू जिवावर उदार होऊन पुन्हा काही काढू नकोस, धर्मराज."

त्यानं काढलं नाही. अंगात पहिल्यासारखी ताकद उरली नव्हती, आणि कुणापुढं जाऊन उभं राहायचं हेही त्याला समजत नव्हतं. जो भेटे तो म्हणे, तुमचं खरं आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी फाटकाशी एक बाई येऊन बसली. धर्मराजनं आधी ओळखलं नाही. कपाळ मोकळं होतं आणि अंगावर फक्त कातडं आणि हाडं.

"दादा, मी सारजा."

सिदू मागच्या पावसाळ्यात गेला होता. मेंढरांतच बसला होता, तिथंच कलंडला. उरलेली मेंढरं दिरानं नेली. ती सांगता सांगता खोकली आणि पदर तोंडावरून काढला तेव्हा तो लाल होता. धर्मराजनं तिला पाणी दिलं. ती घोटभर प्यायली.

"दादा, मला आत घ्या."

"आत? कशापायी?"

"त्ये हितं बरं झालंतं. तुमी गोळी दिली की बरं झालंतं, म्या डोळ्यानं बगितलं. मला बायकांच्या खोलीत ठिवा. काय करू सांगा, कुनाच्या गंजीला काडी लावू का चोरी करू? म्या करते."

धर्मराजनं वळून आत बघितलं. आतली कोठडी दाटीवाटीनं भरली होती. सुई टोचायला आता कुणी येत नव्हतं, तपासायला डॉक्टर नव्हता, खिडक्यांवर पत्रे होते. हे सगळं तिला कसं सांगायचं?

"भैनी, हितं आता काईच न्हाई," तो शेवटी म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नाही. तिच्या नजरेत दिसलं, की हाही आता छावणीवरच्या कारकुनासारखा झाला. धर्मराजनं ती नजर सोसली. पहारा दुसऱ्याच्या हवाली करून त्यानं तिला स्टँडवर नेलं, अंबाजोगाईच्या एसटीत बसवलं, तिकीट काढून दिलं. मोठ्या दवाखान्यात कुठल्या दारानं जायचं, कुणाला भेटायचं ते दोनदा सांगितलं. कंडक्टरलाही बजावलं, की हिला दवाखान्यापाशीच उतरव. तिला सोबत करायला त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती.

"उतरशील ना?"

तिनं मान हलवली. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. गाडी हलली.

पुढच्या खेपेला धर्मराज स्वतःच्या तपासणीला अंबाजोगाईला गेला तेव्हा त्यानं वॉर्डात, बाहेर, नर्सकडं, सगळीकडं चौकशी केली. सारजाबाई नावाची कुणी बाई तिथं आली नव्हती. मधल्या कुठल्या तरी फाट्यावर उतरली असेल. कुठं गेली, किती दिवस जगली, हे त्याला कधीच कळलं नाही.